घरी काय नेणार?

मेळावा संपला, की बाकीच्यांचं काम संपायचं आणि अहवालबाईंचं सुरू व्हायचं. स्टेजवरचा पडदा उतरला, फुलवाला उरलेली फुलं बादलीत कोंबून गेला, साहेबलोक एकमेकांच्या पाठी थोपटून गाड्यांत बसले, तरी बाई हॉटेलच्या हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून खुर्च्यांखाली बघत असायच्या. फॉर्म, चष्मे, मोबाइलचे चार्जर. एकदा तर कवळी. ती त्यांनी खोक्यात घालून, वर ‘नाजूक’ असं लिहून, एका फिटरच्या पत्त्यावर पाठवून दिली होती. तो गृहस्थ तेव्हापासून दर मेळाव्याला त्यांना आधी हसून दाखवायचा आणि मग नमस्कार करायचा.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी. फिटर गावोगाव विखुरलेले. कुणी इस्पितळाची लिफ्ट सांभाळतो, कुणी सहा मजली इमारतींची अख्खी ओळ. दिवसभर काळोख्या खड्ड्यात, तेलकट दोराशी आणि स्वतःशी बोलत. एकाचा दुसऱ्याशी संबंध येतो तो वर्षातून दोनच दिवस, मेळाव्याला. त्या दोन दिवसांचा अहवाल लिहायचा, हे बाईंचं काम. एकवीस वर्षं त्या तो लिहीत होत्या. खरं नाव पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाकी सगळीकडे त्या अहवालबाई.

अहवाल कुणी वाचत नाही हे त्यांना दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी नवव्या पानावर, भोजनव्यवस्थेच्या परिच्छेदात, मधेच एक ओळ घातली होती : ‘ही ओळ वाचणाऱ्याने मला येऊन भेटावे, चहा पाजीन.’ अजून कुणी चहा प्यायला आलं नव्हतं. अहवाल हिरव्या पाठीच्या फायलीत जायचा, फाइल कपाटात, आणि कपाटाची किल्ली बाईंच्याच पर्समध्ये.

मेळाव्याचा टिकाऊ उपयोग कुठे होत असेल, तर तो त्यांच्या घरी. धुलाईयंत्रावर ‘एकत्र वर जाऊ’ असं छापलेला कापडी फलक पांघरलेला होता, घडी पडल्यामुळे ‘वर जाऊ’ एवढंच दिसायचं आणि नवरा म्हणायचा, “मशीनला घाई झालीय.” भाजीची पिशवी मेळाव्याची, छत्री मेळाव्याची, पेनं इतकी, की शेजारणीच्या तिन्ही मुलांच्या परीक्षा त्यांच्यावर झाल्या. आणि सासूबाईंच्या गळ्यात मेळाव्याचं कार्ड. त्यावर ‘प्रतिनिधी’ असं ठळक छापलेलं आणि खाली, नावाच्या जागी, बाईंनी लिहिलेला घरचा पत्ता आणि फोन. गेल्या वर्षी सासूबाई जिना उतरून कुठेतरी निघून गेल्या होत्या आणि दोन तासांनी एका औषधाच्या दुकानात खुर्चीवर बसलेल्या सापडल्या होत्या, तेव्हापासून.

सासूबाईंना आता बरंचसं आठवत नव्हतं. जे आठवायचं त्याला क्रम नव्हता. पण दुपारी दीड वाजता भूक लागते आणि सुनेच्या हातचाच घास तोंडात घ्यायचा, एवढं पक्कं होतं. शेजारीण बिचारी दोनदा भरवायला बसली. दोन्ही वेळा घास तिच्या साडीवर आला. नवरा सकाळी दहाला छापखान्यात जायचा तो पाचला परतायचा. म्हणून एक वाजून दहा मिनिटांनी बाई टेबलावरून उठायच्या. कचेरी ते घर अकरा मिनिटं, चालत. भात मऊ करून भरवायचा, तोंड पुसायचं, कडी लावून परत. स्वतःचा डबा त्या परतल्यावर कचेरीच्या टेबलावर खायच्या, फायली चाळत. मेळाव्याचे दोन दिवस तेवढे नवरा रजा घ्यायचा आणि सासूबाई दुधावर भागवायच्या. या अकरा मिनिटांवर ते घर उभं होतं. अकराची पंचवीस झाली असती तरी कोसळलं असतं.

या वर्षी साहेब नवे होते. वयाने बाईंच्या धाकट्या भावाएवढे. मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावलं. समोर फिटरांनी मेळाव्यात भरून दिलेल्या फॉर्मांचा गठ्ठा होता.

“मॅडम, हे वाचलंत?”

“अजून नाही, सर. आज घेणार होते.”

“मी वाचून दाखवतो. शेवटचा प्रश्न.” साहेबांनी वरचा फॉर्म उचलला. “‘पिशवी, पेन आणि पाण्याची बाटली.’ पुढचा. ‘पिशवी. बाटलीचं झाकण गळतं.’ पुढचा. ‘साबणाच्या दोन वड्या, पण त्या हॉटेलने ठेवल्याच होत्या.’ हे काय आहे?”

बाईंनी फॉर्म हातात घेतला आणि शेवटचा प्रश्न पुन्हा वाचला. वरच्या कचेरीकडून फॉर्म इंग्रजीत आला होता. शेवटी विचारलं होतं, की तुमचे ‘टेकअवे’ काय. म्हणजे दोन दिवसांतून तुमच्या पदरात काय पडलं, काय शिकून चाललात. भाषांतर बाईंनीच केलं होतं, संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एकीकडे कुकर, दुसरीकडे सासूबाई दर दोन मिनिटांनी विचारताहेत, “अगं, आपण घरी कधी जायचं?” आणि बाई सांगताहेत, “आई, घरीच आहोत.” त्या गडबडीत त्यांच्या हातून लिहिलं गेलं होतं : ‘या मेळाव्यातून तुम्ही घरी काय नेणार?’

माणसं साधी. विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं.

“चूक माझी आहे, सर.”

“चूक कुणाची ते सोडा. वरून मला विचारलंय, मेळावा संपला, त्यातून पुढे काय टिकलं? एक पान द्या म्हणताहेत. आणि माझ्याकडे साबणाच्या वड्या आहेत.” त्यांनी गठ्ठा बाजूला सरकवला. वाईट माणूस नव्हता. नवा होता आणि घाबरलेला होता. “स्पष्टच सांगतो. काही दाखवता आलं नाही, तर पुढच्या वर्षापासून मेळावा बंद. सगळ्यांना पडद्यावर एक तास भाषण, झालं. मग तुमचं हे टेबलही राहणार नाही. कोठारात जागा आहे, तिकडे पाठवतील.”

कोठार शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस.

“किती दिवस आहेत, सर?”

“महिनाअखेरचा शुक्रवार. आणि हो, ते लिफ्टचं नका घालू त्यात.”

ते लिफ्टचं म्हणजे पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी झालं ते. हॉल तिसऱ्या मजल्यावर, जेवण खाली, आणि हॉटेलची लिफ्ट नऊ फिटरांना पोटात घेऊन दुसऱ्या मजल्यावर अडकली. दार मिटायचं, परत उघडायचं. मिटायचं, परत उघडायचं. बाकीचे एकशे चौतीस लिफ्टवाले जिन्यावर उभे राहून हसत होते. लिफ्ट दुसऱ्या कंपनीची होती हेच नशीब. बाई तेव्हा खाली ताटं मोजत होत्या. त्यांना एवढंच कळलं, की पंधरा मिनिटांनी लिफ्ट चालू झाली आणि तोवर जेवण निवलं.

त्या संध्याकाळी गठ्ठा घरी आला. नवऱ्याने चष्मा लावला. “आण इकडे. निदान करमणूक तरी होईल.”

“तुम्हाला हसू येतंय. मला कोठारात पाठवतायत.”

“अगं, ऐक तर. ‘घरी नेण्यासारखं काही नाही, घरी आधीच पुष्कळ आहे.’ हा माणूस लग्न झालेला दिसतो.”

“अहो!”

“‘शेजारच्या खोलीतल्याचं घोरणं, कायमचं कानात.’ ‘पिशवी.’ ‘पिशवी, चांगली आहे, बायकोला दोन हव्या होत्या.’ ‘गळ्यातलं कार्ड.’ ‘पिशवी.’ ‘कार्ड.’ ‘कार्ड, परत मागू नये ही विनंती.’”

सासूबाईंनी आपल्या गळ्यातलं कार्ड मुठीत घट्ट धरलं. “माझं नाही देणार,” त्या म्हणाल्या.

“कुणी मागत नाही, आई.”

“मागतात. सगळे मागतात आणि मग देत नाहीत.”

बाई वाटाणे सोलत होत्या. हात थांबला. “किती जणांनी कार्ड लिहिलंय?”

नवऱ्याने बोट लावून मोजलं. एकतीस.

पिशवी समजण्यासारखी होती. छत्री, बाटली, सगळं समजण्यासारखं. पण कार्ड? मेळावा संपला की कार्डाचा उपयोग शून्य. दर वर्षी माणसं ती खुर्चीवर टाकून जायची आणि बाई गोळा करायच्या. या वर्षी खुर्च्यांवर एकही नव्हतं, हे त्यांना आत्ता आठवलं. फरक इतकाच, की आधीची कार्डं कागदी असायची आणि यंदा नव्या साहेबांनी हौसेने जाड, कडक प्लॅस्टिकची करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला फोन लावला.

“अहवालबाई बोलतेय. तुमच्या फॉर्मबद्दल. प्रश्न माझ्याकडून जरा चुकीचा गेला. म्हणजे आम्हाला विचारायचं होतं...”

“बाई, कार्ड परत पाहिजे का?” पलीकडचा आवाज एकदम सावध झाला.

“नाही हो. पण तुम्ही ते नेलंत कशाला?”

“कशाला म्हणजे? दाराला.”

“कुठल्या दाराला?”

पलीकडे लिफ्टचा दोर कुरकुरला. “बाई, तुम्ही तेव्हा नव्हतात का? कानमामांनी दाखवलं ते?”

कानमामांना बाई ओळखत होत्या. सगळ्यांत जुना फिटर. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. दाराला कान लावून बिघाड ओळखतो म्हणून कानमामा. दोन दिवसांत स्टेजवर कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. स्टेजवर मोठी माणसं आलेखांवर लाल ठिपका फिरवत होती.

मग फिटरने सांगितलं. हॉटेलची लिफ्ट अडकली तेव्हा कानमामा जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेले, दाराला कान लावला, आणि म्हणाले, “खाली घासतंय.” लिफ्टचं दार खालच्या खाचेत सरकतं, दाराच्या पायाशी दोन छोटे गुटके, म्हणजे ठोकळे, असतात, ते एका बाजूने झिजले की दार जरा खचतं आणि घासतं. यंत्राला वाटतं मधे माणूस अडकलाय, म्हणून ते दार परत उघडतं. झीज इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. मामांनी गळ्यातलं कार्ड काढलं आणि दाराखालच्या फटीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेलं. एका जागी कार्ड अडलं. “इथं.” जेवायला आलेल्या माणसाच्या खिशात स्क्रू पिळायचा पेचकस होताच. गुटका काढला, उलटा करून, न झिजलेली बाजू पुढे घेऊन बसवला, दार मिटलं ते मिटलंच.

“फट जेवढी पाहिजे ना बाई, अगदी तेवढंच जाड आहे हे कार्ड. मामा म्हणाले, पोरांनो, फुकट मिळालंय, जपा. आम्ही एवढी वर्षं सरळ दाराची मोटर बदलत होतो. नाहीतर वरचं सर्किट.”

“आणि आल्यावर तुम्ही करून पाहिलंत?”

“तीन दारं केली. इस्पितळाची एक लिफ्ट तर गेलं वर्षभर छळत होती. एक म्हातारी बाई मला रोज शिव्या घालायची. काल बिस्किट दिलं.”

बाईंनी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं : तीन दारं. एक बिस्किट. मग बिस्किट खोडलं. मग परत लिहिलं.

पुढचे सोळा दिवस त्या फोन करत होत्या. फिटर खड्ड्यात असला की फोन लागत नाही, लागला तर आवाज येत नाही, आवाज आला तर तो आधी सुट्टीच्या अर्जाचं विचारतो. कानाची पाळी लाल झाली. कवळीवाला फोनवरही हसला. काही जणांचं कार्ड नुसतंच खिशात होतं. एकाने ते बायकोच्या कपाटाच्या दाराखाली वापरलं होतं. पण बाकीच्यांनी दारं केली होती, आणि ज्यांनी कार्ड लिहिलं नव्हतं अशा चौघांनी ऐकून मागाहून केली होती. ‘दार परत परत उघडतं’ ही तक्रार नोंदवहीत वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर असायची. बाईंनी त्या गावांची पानं काढून पाहिली. मेळाव्यानंतर तिथे ती जवळजवळ नव्हतीच.

एके दिवशी कानमामांचाच फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की बाई कार्डाची चौकशी करताहेत.

“माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला का?”

“नाही मामा. तुम्ही ही युक्ती कधीपासून करता?”

“झाली की बावीस-तेवीस वर्षं. आधी पत्र्याची पट्टी वापरायचो.”

“मग इतकी वर्षं कुणाला सांगितली नाहीत?”

“कुणी विचारलं नाही हो. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर कधी लिफ्ट नव्हती.”

त्यांनी मग आणखी दोन गोष्टी सांगितल्या, दोराबद्दल आणि ब्रेकबद्दल. बाई लिहून घेत राहिल्या. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा पावणेदोन झाले होते.

अकरा मिनिटांचं अंतर त्यांनी सातात कापलं. गुडघे आणि छाती दोन्ही बोंबलत होती. कडी उघडली तर सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, कार्ड छातीवर सरळ केलेलं, मांडीवर मेळाव्याची पिशवी.

“जेवण कुठाय?” सासूबाई ताठपणे म्हणाल्या. “किती वेळ बसवून ठेवायचं माणसाला? तुमच्या कार्यक्रमाला काही शिस्त?”

“चुकलं, आई.”

“मी वरच्या साहेबांना सांगणार आहे.”

“सांगा,” बाई म्हणाल्या आणि धापा टाकत भात गरम करायला ठेवला. चमचा तोंडाजवळ नेताना त्यांचा हात थरथरत होता. सासूबाईंनी तो मनगटाशी धरला, स्थिर केला, आणि मग तोंड उघडलं. कोठारातून हे कसं जमणार होतं, हे त्यांनी मनात मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

शुक्रवारी त्यांनी एक पान दिलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अहवालात दीपप्रज्वलनही नव्हतं आणि आभारप्रदर्शनही. सुरुवातच अशी होती : ‘पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी हॉटेलची लिफ्ट बंद पडली.’

साहेबांच्या कपाळावर आठी आली. “हे नको म्हटलं होतं मी.”

“टिकलेलं तेवढंच आहे, सर. बाकी सगळं दोन दिवसांत संपलं.”

साहेब वाचू लागले. बाई उभ्या राहिल्या. बसायला सांगितलं नव्हतं आणि बसल्या असत्या तर उठवलं नसतं, पण एकदा बसलं की उठायला त्रास व्हायचा. साहेब कार्डाच्या जाडीपाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कडक कार्डं त्यांचीच कल्पना होती. बाईंनी ते वाक्य मुद्दामच दुसऱ्या परिच्छेदात घातलं होतं. एकवीस वर्षं नोकरी काही उगाच केली नव्हती.

“किती दारं?”

“सत्तेचाळीस. कालपर्यंत.”

“आणि हे मामा?”

“पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांच्या आणखी दोन गोष्टी मागच्या बाजूला लिहिल्यात.”

साहेबांनी पान उलटलं. मग ते घडी घालून खिशात ठेवलं.

आठवडाभर काहीच झालं नाही. बाईंनी मनातल्या मनात बसचं वेळापत्रक पाठ केलं. शेजारणीला विचारून ठेवलं, की साडी खराब झाली तर मी धुऊन देईन, पण पुन्हा एकदा भरवून बघाल का? शेजारीण म्हणाली, “बघते. पण जुनी साडी नेसून येते.”

मग एका सकाळी साहेब स्वतः खाली, बाईंच्या टेबलापाशी आले. हातात हिरव्या पाठीची जुनी फाइल होती, नवव्या पानावर उघडलेली. कपाटाची किल्ली त्यांनी आदल्या दिवशी मागून नेली होती.

“मॅडम, तुमच्याकडे माझा एक चहा आहे.”

बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते खोकल्यावर ढकललं.

चहा पिताना साहेबांनी सांगितलं. मेळावा राहणार. पण एकच दिवस, स्टेज नाही, भाषणं नाहीत. एक चालू लिफ्ट, एक बंद लिफ्ट, आणि लांबलचक जेवण. आणि दर महिन्याला सगळ्या फिटरांना फोन. कुणी काय दुरुस्त केलं, कशी युक्ती लढवली, ते एका पानावर लिहून सगळ्यांना पाठवायचं. “तुमच्याइतकं हे कुणाला जमणार? वरच्यांनाही पटलंय.”

“एकशे त्रेचाळीस जणांना?”

“पुढच्या वर्षी एकशे बेचाळीस. मामा जातायत ना.” साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

“आणि टेबल?”

“इथंच. फोन इथंच आहे तुमचा.”

म्हणजे मेळावा संपला तरी आता संपणार नव्हता. त्यांच्या पगारात फरक नव्हता, हाताखाली माणूस नव्हतं, कानाची पाळी तीच होती. काम गळ्यात पडलं होतं, दोरीसकट. पण टेबल खिडकीपाशी होतं तिथेच होतं, आणि खिडकीतून घराकडचा तो अकरा मिनिटांचा रस्ता दिसत होता.

“तो प्रश्न तेवढा सुधारा पुढच्या वेळी,” उठताना साहेब म्हणाले.

“कुठला, सर?”

“घरी काय नेणार.”

“राहू दे, सर. नीट विचारलं असतं, तर सगळ्यांनी ‘खूप शिकायला मिळालं’ असं लिहिलं असतं.”

साहेबांनी मान डोलावली.

फिटरांमध्ये त्या प्रश्नाची तोवर थट्टा होऊन बसली होती. कुणी कुणाचा निरोप घेताना विचारायचा, “काय मग, घरी काय नेणार?” पहिल्या महिन्याचे फोन सुरू झाले. त्रेसष्टाव्या नावावर बाई पोचल्या होत्या, तेव्हा घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली. त्यांनी पर्स उचलली, एक पाय चपलेत घातला, आणि टेबलावरचा फोन वाजला. कवळीवाला होता.

“बाई, एक झकास गंमत सापडलीय. दोराची. लिहून घ्या.”

“दोन वाजता करा. आत्ता घरी निघालेय.”

“असं का? मग घरी काय नेणार?” आणि तो मोठ्याने हसला.

बाईंनी दुसरी चप्पल पायाने चाचपली.

“हात,” त्या म्हणाल्या. “एकीला भरवायचंय.” आणि फोन ठेवून त्या निघाल्या.